शेवटचा क्रमांक, पहिला इशारा

कात्रजला राहणाऱ्या माणसाला एका वाक्प्रचाराचे ओझे जन्मभर वाहावे लागते. कुठे राहता, असे कोणी विचारले आणि आम्ही गावाचे नाव सांगितले, की समोरचा हमखास हसतो. एखाद्याला चकवून भलत्याच वाटेला लावणे म्हणजे त्याला कात्रजचा घाट दाखवणे, हे मराठी भाषकाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामागची हकिकतही सर्वपरिचित आहे. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा घालून शिवाजीमहाराज निसटले, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ती जनावरे उधळून दिली गेली. मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज दुसऱ्याच वाटेने सिंहगडाकडे गेले. ही हकिकत कितपत ऐतिहासिक आणि कितपत लोकस्मृतीने घडवलेली, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यातील एक गोष्ट लक्षणीय वाटावी. पलिते खोटे नव्हते, ते खरोखरच जळत होते. फौज फसली ती अर्थ लावण्याच्या सवयीमुळे : जेथे पलिता तेथे माणूस, ही ती सवय.

अशाच एका चकव्याची कथा येथे सांगावयाची आहे. ती घडली लिस्बन शहरात, २४ एप्रिल १९७४ च्या रात्री, आणि तेथे पलित्याचे काम केले एका प्रेमगीताने. हे गीत त्याच महिन्याच्या ६ तारखेला युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत पोर्तुगालच्या वतीने गायले गेले होते आणि शेवटच्या क्रमांकावर राहिले होते. त्या रात्री ते आकाशवाणीवरून वाजले, आणि पहाटेपर्यंत युरोपातील सर्वांत दीर्घायुषी हुकूमशाह्यांपैकी एक कोसळू लागली. तीच राजवट गोव्याला आपला सागरापलीकडील प्रांत म्हणत होती. तिच्याच तुरुंगात मराठी माणसे खितपत पडली होती. तेव्हा या गीताची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. एखाद्या गीताला आपण ‘निरुपद्रवी’ म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हा प्रश्न तिच्या निमित्ताने विचारता येईल, असे आम्हांस वाटते.

१

प्रथम स्पर्धेविषयी. युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे युरोव्हिजन गीतस्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी सात देश होते. प्रत्येक देशाच्या प्रसारण संस्थेने एक नवे गीत पाठवायचे, ते सर्व देशांत एकाच वेळी दूरचित्रवाणीवरून दाखवायचे, आणि प्रत्येक देशाच्या परीक्षकांनी स्वतःचे सोडून इतरांच्या गीतांना गुण द्यायचे, अशी ही रचना. युद्धाने विस्कटलेल्या खंडाला एका संध्याकाळी एकाच पडद्यासमोर बसवण्याचा हा प्रयोग होता. लहान देशांना त्याचे विशेष आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होते. सैन्याच्या किंवा व्यापाराच्या बळावर जी बरोबरी कधीच साधणार नाही, ती येथे तीन मिनिटांपुरती साधत असे. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाने १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली, इतकेच नव्हे तर पुन्हा यजमानपद नको म्हणून ते सोडले. १९७४ ची स्पर्धा इंग्लंडमधील ब्रायटन येथे भरली ती त्यामुळे.

पोर्तुगाल हा त्या मानाने लक्झेंबर्गएवढा चिमुकला नव्हे, तरी क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून लहान. मात्र या लहान देशाची स्वतःविषयीची कल्पना लहान नव्हती. अंगोला, मोझांबिक, गिनी या आफ्रिकी प्रदेशांसह आपण एक अखंड, बहुखंडीय राष्ट्र आहोत, असे सालाझारची राजवट सांगत असे. १९६४ मध्ये हा देश स्पर्धेत प्रथम उतरला तेव्हा कोपनहेगनच्या रंगमंचावर एक मनुष्य घुसला. फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, अशा अर्थाचा फलक त्याच्या हातात होता. त्याला बाहेर काढण्यात आले. पोर्तुगालच्या गायकाने, आंतोनियो काल्व्हारियोने, ‘प्रार्थना’ या शीर्षकाचे गीत गायले. त्याला एकही गुण मिळाला नाही.

पुढील वर्षांची नोंद अशीच केविलवाणी आहे. १९६५ मध्ये एक गुण. १९६७ मध्ये एदुआर्दो नासिमेंतो या अंगोलाच्या कृष्णवर्णीय गायकाला पाठवण्यात आले. या स्पर्धेत गाणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. गीताचे शीर्षक होते ‘वारा बदलला’. त्याच वेळी त्याच्या मायभूमीत पोर्तुगीज फौजा स्वातंत्र्यसैनिकांशी लढत होत्या, आणि ते युद्ध सहा वर्षे चालू होते. १९७० मध्ये आदल्या वर्षीच्या गुणदानावर रुसून पोर्तुगाल स्पर्धेत उतरलाच नाही. १९७२ मधील सातवा क्रमांक ही तोवरची सर्वोच्च कमाई. थोडक्यात, राजवटीला ज्या पडद्यावर आपली प्रतिष्ठा दाखवायची होती, त्या पडद्यावर दरसाल तिचे एकाकीपणच दिसत होते.

२

आता त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते ते पाहू. मराठी वाचकाच्या दृष्टीने या कथेचा दुसरा धागा पुण्यातून निघतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी दादरा-नगरहवेलीतील सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सोडवण्यात आले. त्या सशस्त्र तुकडीत पुण्यामुंबईची तरुण मंडळी होती, आणि त्यांत संगीतकार सुधीर फडके होते. पुढे १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यांनी संगीतबद्ध केलेले आणि गायलेले ‘गीतरामायण’ आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित होऊ लागले. ही मालिका चालू असतानाच, मे १९५५ मध्ये, सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. आज आपण ‘गीतरामायणा’चा अभ्यास भावगीताच्या परंपरेत करतो आणि गोवामुक्तीचा अभ्यास राजकीय इतिहासाच्या तासाला करतो. त्या वर्षी पुण्यातील घराघरांत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच आकाशवाणी संचातून येत होत्या.

त्याच नोव्हेंबरपासून आणखी एक आवाज हवेत उमटू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून, आंबोलीच्या परिसरातून आणि पुढे कॅसलरॉकहून, एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून ते गोवेकरांना सेन्सॉरने दडवलेल्या बातम्या सांगत असे. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, हे काम अखंड चालले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. आंबोलीच्या घाटातील हा आवाज उघड बोलणारा होता : त्याचे ठिकाण गुप्त, पण बोलणे स्पष्ट. लिस्बनच्या रात्रीचा इशारा याच्या बरोबर उलट होता, हे पुढे दिसेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. अखेरच्या माणसापर्यंत लढा, विजयी किंवा मृत सैनिकांखेरीज तिसरी शक्यता मला मान्य नाही, अशा आशयाचा संदेश सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला धाडला होता. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा याने तो मानला नाही. विनाकारण हत्याकांड टाळून त्याने शरणागती पत्करली, आणि मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. या घटनेचा परिणाम पोर्तुगीज सैन्याच्या मनावर खोल झाला. राजकारण्यांच्या हट्टापायी हरलेल्या लढाईचे खापर शेवटी सैनिकांवर फुटते, हा धडा आफ्रिकेत लढणाऱ्या पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांनी गोव्याच्या उदाहरणावरून घेतला. गिनीत उद्या पराभव झाला तर आपलीही गत गोव्याच्या गव्हर्नरासारखीच होईल, अशी भीती त्यांच्यात बोलली जात असे. १९७४ च्या बंडाच्या अनेक कारणांत हे एक होते.

गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केले नाही, आणि याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत मोहन रानडे होते. सांगलीकडचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडला गेला आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात डांबला गेला. गोव्यात तिरंगा फडकल्यानंतरही सात वर्षे रानडे तेथेच होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये थेट पोपकडे शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ‘सतीचे वाण’ या त्यांच्या आत्मकथनात हा काळ आला आहे. ‘वारा बदलला’ हे गीत १९६७ मध्ये युरोपभर ऐकवले गेले, तेव्हा ते पाठवणाऱ्या राजवटीच्या कोठडीत एक मराठी माणूस दिवस मोजत होता. ही दोन दृश्ये शेजारी ठेवल्याखेरीज त्या स्पर्धेतील पोर्तुगालचा चेहरा पुरता दिसत नाही.

३

सेन्सॉरशिप असलेल्या देशात गीतकार दोन मार्ग धरतात. एक रूपकाचा, दुसरा उघड गाण्याचा आणि त्याची शिक्षा भोगण्याचा. पोर्तुगालमध्ये दोन्ही होते.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण याच स्पर्धेतील आहे. १९७३ मध्ये फेर्नांदो तोर्दो याने गायलेले ‘तोराडा’, म्हणजे ‘बैलझुंज’, हे गीत कवी आरी दोस सांतोस याने लिहिले होते. वरवर पाहता बैलझुंजीच्या रिंगणाचे वर्णन. पण त्या रिंगणातील मानकरी, हौशे आणि बघे कोण, हे देशातील सुजाण श्रोत्याला लगेच उमगत होते. ते सेन्सॉरच्या हातून निसटले, देशाच्या प्राथमिक फेरीत जिंकले आणि लक्झेंबर्गला दहावे आले. दुसऱ्या मार्गाचा प्रवासी म्हणजे जुझे अफोन्सो, लोक ज्याला झेका म्हणत. त्याची अनेक गीते प्रसारणास बंद होती. १९७३ मध्ये त्यालाही काशियासच्या तुरुंगाची हवा खावी लागली. त्याचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ हे गीत दक्षिणेकडील आलेंतेजू प्रांतातील एका गावावर, तेथील कष्टकऱ्यांच्या बंधुभावावर आहे. १९७१ च्या ध्वनिमुद्रणात ते खडीवर पडणाऱ्या पावलांच्या आवाजाने सुरू होते. मार्च १९७४ च्या अखेरीस लिस्बनच्या एका भरगच्च सभागृहात श्रोत्यांनी ते एकसुराने गायले.

‘ई देपोइश दो आदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’, या गीताने यांपैकी कोणताच मार्ग धरलेला नव्हता. शब्द जुझे निझा याचे, संगीत जुझे काल्व्हारियोचे, आवाज पावलो द कार्व्हालोचा. प्रियकर-प्रेयसीची ताटातूट झाली आहे; मागे राहिलेला स्वतःलाच विचारतो आहे की मी कोण आणि आता माझे काय उरले. यात रूपक शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ७ मार्च १९७४ रोजी ते देशाच्या प्राथमिक फेरीत पहिले आले. आठवडाभरानंतर, १६ मार्चला, काल्दास येथील एका पलटणीने केलेले बंड फसले. ६ एप्रिलला ब्रायटनमध्ये सतरा देशांच्या स्पर्धेत ॲबा या स्वीडिश चमूने ‘वॉटर्लू’ गाऊन बाजी मारली. पोर्तुगालला तीन गुण मिळाले आणि नॉर्वे, पश्चिम जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्यासह तो शेवटच्या, म्हणजे चौदाव्या, क्रमांकावर राहिला.

त्याच संध्याकाळची आणखी एक नोंद येथे करणे आवश्यक आहे. इटलीची जिलिओला चिंक्वेत्ती दुसरी आली, पण तिच्या स्वतःच्या देशाला ते पाहता आले नाही. तिच्या प्रेमगीताचे शीर्षक होते ‘सी’, म्हणजे ‘होय’, आणि हा शब्द त्यात पुनःपुन्हा येत होता. १२ मे रोजी इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत व्हायचे होते. मतपत्रिकेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचे होते. गीताने मतदारांवर प्रभाव पडेल म्हणून इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने स्पर्धेचे प्रसारणच केले नाही. लोकशाही इटली एका निष्पाप ‘होय’ला घाबरली, आणि हुकूमशाही पोर्तुगालला एका निष्पाप ‘निरोपा’त काहीही वावगे दिसले नाही. शब्दांकडे पाहून गीताचा धोका मोजणारे दोघेही चुकले.

४

बंडाची आखणी करणारा मेजर ओतेलो साराइव्हा द कार्व्हालो याच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. देशभर विखुरलेल्या पलटणींनी एकाच वेळी हालचाल करायची, पण दूरध्वनीवर गुप्त पोलिसांचा कान. आकाशवाणी मात्र प्रत्येक बराकीत वाजत असे. लिस्बनच्या एका खासगी केंद्रावरील निवेदक झुआंव पावलो दिनीझ याच्याशी संधान बांधण्यात आले. झेका अफोन्सोचे गीत वाजवावे अशी पहिली सूचना होती. दिनीझने ती नाकारली. असे गीत ऐन वेळी वाजले तर संशय येईल, हे त्याने ओळखले. त्याऐवजी त्याने त्या दिवसांत कोणत्याही केंद्रावर सहज वाजू शकेल असे गीत सुचवले, आणि ते युरोव्हिजनचे होते.

२४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, अकराला पाच मिनिटे कमी आहेत असे सांगून दिनीझने गायकाचे, स्पर्धेचे आणि गीताचे नाव उच्चारले व तबकडी लावली. लाखो श्रोत्यांनी एक नेहमीचे गाणे ऐकले. मोजक्या अधिकाऱ्यांनी ‘तयार राहा’ हा हुकूम ऐकला. या केंद्राचा आवाज लिस्बनच्या आसपासच पोहोचत होता, म्हणून दुसरा इशारा देशभर ऐकू जाणाऱ्या केंद्रावरून द्यायचा होता. मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी ‘रादियो रेनासेन्सा’ या कॅथलिक केंद्रावरून ‘ग्रांदोला’ वाजले : खडीवरची पावले, आणि मग तो एकसूर. त्याचा अर्थ होता ‘निघा, आता माघार नाही’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलो काएतानोने सत्ता सोडली होती. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुले खोचली. गुप्त पोलिसांच्या कचेरीतून झालेल्या गोळीबारात चार नागरिक मेले. एरवी ४८ वर्षांची हुकूमशाही जवळजवळ रक्तपाताविना संपली. काशियासचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले.

५

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या दोन गीतांपैकी खरे ‘राजकीय’ कोणते?

आपल्या समीक्षेला या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय आहे. फडके-खांडेकर वादापासून आपण कलावाद आणि जीवनवाद अशी दोन दालने मांडून ठेवली आहेत, आणि पुढे ‘बांधिलकी’ या शब्दाने ती वाटणी पक्की केली. विद्यार्थी पोवाड्याला आणि समरगीताला एका दालनात बसवतो, भावगीताला दुसऱ्यात. या हिशेबाने ‘ग्रांदोला’ बांधिलकीचे आणि युरोव्हिजनचे गीत करमणुकीचे. पण त्या रात्री पहिले पाऊल करमणुकीच्या गीताने टाकले, आणि ते टाकता आले कारण ते करमणुकीचे होते. त्याचा निरुपद्रवीपणा हाच त्याचा उपयोग ठरला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग गीतच कशाला? शिट्टी वाजवली असती, हवामानाची बातमी ठरवली असती, तरी चालले असते; अशा इशाऱ्यात काव्याचा संबंध काय? या ठिकाणी आपल्याच काव्यशास्त्राची मदत होते. शब्द आणि अर्थ यांना जोडणाऱ्या रूढ कराराला आपले शास्त्रकार ‘संकेत’ म्हणतात. आणि मराठीत गुप्त खुणेलाही आपण संकेतच म्हणतो. मम्मटाने व्यंग्यार्थाची कारणे सांगताना वक्ता, श्रोता, प्रसंग, देश, काळ यांची यादी दिली आहे. ‘गाथासप्तशती’तील ती प्रसिद्ध महाराष्ट्री प्राकृत गाथा अभ्यासकांना आठवत असेल : एक स्त्री एका धार्मिकाला सांगते की, तू आता खुशाल फिर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला सिंहाने मारले. वरवर हे अभयदान. पण तिची एकांताची जागा नदीकाठच्या त्याच कुंजात आहे हे जाणणाऱ्याला त्यात ‘फिरकू नकोस’ हेच ऐकू येते. आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. तेथे व्यंग्यार्थ शब्दांतूनच फुटतो : सिंह आहे म्हणून भीती आहे. लिस्बनच्या गीतात मात्र शब्दांतून काहीच फुटत नव्हते. कप्तानांपुरता तो निव्वळ संकेत होता, व्यंजना नव्हती. आक्षेप घेणारा येथपर्यंत बरोबर आहे.

पण २५ एप्रिलनंतर काय झाले ते पाहावे. ज्यांना आदल्या रात्री काहीच ठाऊक नव्हते, त्या लाखो लोकांनी हे गीत पुन्हा ऐकले आणि त्यांना शीर्षकच वेगळे ऐकू आले. ‘आणि निरोपानंतर’ : कोणाला निरोप? मी कोण, माझे काय उरले, असे विचारणारा तो आता केवळ प्रियकर राहिला नाही. अर्धशतकाची राजवट आणि पाच शतकांचे साम्राज्य मागे टाकणारा देशही तोच प्रश्न विचारू लागला. शब्द तेच, देश तोच, काळ मात्र बदलला. आणि जो केवळ संकेत होता त्यातून व्यंजना निर्माण झाली. शिट्टीच्या बाबतीत असे घडले नसते. इशारा देऊन झाल्यावर शिट्टीपाशी सांगण्यासारखे काही उरत नाही. गीतापाशी उरते, कारण त्यात एक रिकामी, माणसाच्या दुःखाएवढी जागा आधीपासून असते.

ती जागा तितकीशी रिकामीही नव्हती. गीतकार निझा पेशाने डॉक्टर. अंगोलाच्या युद्धात सैनिकी डॉक्टर म्हणून त्याला जावे लागले होते. तेथून पत्नीला लिहिलेल्या पत्रांतील मजकुरावर हे गीत आधारलेले आहे, असे सांगितले जाते. हे ध्यानात घेतले तर सेन्सॉरला, परीक्षकांना आणि बहुधा श्रोत्यांनाही केवळ प्रेमगीत वाटलेल्या या रचनेतील ताटातूट त्याच युद्धाने घडवलेली होती, ज्याला कंटाळून कप्तानांनी बंड केले. दिनीझने ते सुरक्षित म्हणून निवडले. आपण कशाची निवड करत आहोत याची त्याला पूर्ण कल्पना असण्याचे कारण नव्हते.

६

यानंतरच्या घटना थोडक्यात सांगता येतील. नव्या पोर्तुगीज सरकारचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश नवी दिल्लीला आले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी ज्या करारावर सही केली त्यान्वये गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश ज्या ज्या दिवशी भारतीय संघराज्याचे भाग झाले, त्या त्या दिवसापासून त्यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. १९५५ पासून तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. करारावर भारताच्या वतीने सही होती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. गोवा मुक्त झाला तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. बडतर्फ गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यालाही क्रांतीनंतर सैन्यातील त्याचे स्थान परत मिळाले. गोव्याच्या मुक्तीला कोणाच्या मान्यतेची गरज नव्हती, हे खरेच. तरीही तेरा वर्षे कागदावर लोंबकळत राहिलेला एक खोटेपणा त्या दिवशी संपला. काशियासच्या भिंतींआड ज्यांची वर्षे गेली, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

आणि ती स्पर्धा? १९७५ मध्ये पोर्तुगालने स्टॉकहोमला ‘माद्रुगादा’, म्हणजे ‘पहाट’, हे गीत पाठवले. गायक दुआर्त मेंदेस हा स्वतः बंडात सामील झालेला कप्तान होता. गीत उघडपणे क्रांतीचे होते. ते सोळावे आले, आणि पोर्तुगालबाहेर ते आज फारसे कोणाला आठवत नाही. अभ्यासकाने यावरून घाईने प्रचारगीताची टर उडवू नये. त्याच देशात ‘ग्रांदोला’ आजही २५ एप्रिलला रस्त्यांवर गायले जाते. इतकेच म्हणावे की, विषय क्रांतीचा असणे हे गीत टिकण्याचे पुरेसे कारण नाही, आणि विषय प्रेमाचा असणे हे त्याला इतिहासाबाहेर ठेवण्याचे पुरेसे कारण नाही. पोर्तुगालला या स्पर्धेतील पहिला विजय मिळाला तो २०१७ मध्ये, पदार्पणानंतर ५३ वर्षांनी. साल्व्हादोर सोब्राल याने आपल्या बहिणीने रचलेले, अगदी हलक्या आवाजातील एक प्रेमगीत गायले होते.

आम्ही शिकवताना एखाद्या भावगीताविषयी ‘यात सामाजिक आशय नाही’ असे सहज म्हणून जातो. विद्यार्थी ते लिहून घेतात आणि परीक्षेत तसेच उतरवतात. यापुढे त्या वाक्याआधी थोडे थांबावे असे वाटते. ते गीत कोणत्या वर्षी, कोणत्या केंद्रावरून, कोणाच्या घरात वाजले, आणि त्या वेळी त्याच घरातील कोणी तुरुंगात वा सीमेवर होते काय, हे विचारून पाहावे. १९५५ च्या पुण्यातील एखाद्या घरासाठी ‘गीतरामायणा’तील वनवासाचा अर्थ काय झाला असेल, या प्रश्नापासून सुरुवात करता येईल. ज्यांनी ते त्या वेळी ऐकले अशी माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांना विचारायला फार वेळ उरलेला नाही.